फ्लेक्सवरची खुर्ची

त्या चौकात मला खुर्चीवरून उठवलं, ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. फोटो तेवढा पाठवला. पुढचं सगळं त्या फोटोमुळे झालं, म्हणून आधी तेच सांगतो.

लिस्बन ही पोर्तुगालची राजधानी. आमची पर्यटकांची मोठी बोट तिथे दोन-तीनदा लागायची. मी त्या बोटीच्या लाँड्रीत होतो. पाहुणे वर, आकाशात. आम्ही खाली, पाण्याच्या पातळीला. खिडकी नाही. दिवसभर चादरी, टॉवेल, पुन्हा चादरी. लाँड्रीचा मुकादम गोव्याचा, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला अंकल म्हणायचे. तो त्याच्या कोकणीत बोलायचा, मी माझ्या मराठीत, आणि मशीनच्या आवाजात दोघांनाही निम्मंच ऐकू यायचं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्या महिन्यात मी ओकत ओकत इस्त्री करायचो तेव्हा त्याने वर कळवलं नाही, लिंबाचं लोणचं आणून दिलं. त्यानेच माझी पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारली आणि मला चार तास जमिनीवर पाठवलं.

"जा रे बाब, जग बघून ये. नाहीतर घरी जाऊन काय सांगशील? चादर बघितली?"

बंदरापासून तो चौक चालत जवळ. तीन बाजूंनी पिवळ्या इमारती, खाली कमानींची लांबच लांब ओसरी, मध्ये घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा, आणि चौथी बाजू सरळ पाण्याला उघडी. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, त्यांच्या दोन टोकांना दोन दगडी खांब. गळ्यात बोटीचं कार्ड, हात सारखा कार्डावर. हे हरवलं तर? बोट मला सोडून गेली तर? घड्याळ बघायचं, राजा बघायचा, पुन्हा घड्याळ. कमानीखाली खुर्च्या मांडल्या होत्या, पांढरं कापड टाकलेली टेबलं. पाय दुखत होते. आमच्याकडे बाहेर खुर्ची मांडली म्हणजे बसायला मांडली. डहाणूच्या सागर नाक्यावर चहावाल्याच्या बाकड्यावर माणूस अर्धा दिवस बसतो, चहा घेतला नाही तरी पाणी विचारतात. मी बसलो. आमच्याच बोटीवरचा एक फिलिपिनो मित्र बाजूने जात होता, त्याला म्हटलं, काढ फोटो. त्याने काढला. चांगला आला. मागे कमान, पुढे पांढरं टेबल, मी पायावर पाय टाकून.

फोटो काढून होतो न होतो तोच वेटर आला. काहीतरी बोलला. मी हसलो. त्याने पुन्हा तेच बोलून दोन बोटं हलवली. माशी हाकलतात ना, तशी. मी उठलो. बाजूच्या टेबलावरची बाई माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला "सॉरी" म्हणालो. वेटरला नाही, तिला! कशाबद्दल सॉरी, ते मला आजही माहीत नाही. मी उठल्यावर वेटरने ती खुर्ची फडक्याने पुसली.

पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि तो फोटो घरी पाठवून दिला. खाली लिहिलं, "मजेत आहे."

आता घरचं सांगतो. आम्ही धाकटी डहाणूचे. खाडीच्या तोंडाशी गाव, बोटी आणि मासे, दुसरं काही नाही. वडील मी सहावीत असताना गेले. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा भाऊ, दादा, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि त्याने घर ओढलं. हे खोटं नाही, आणि मी त्याच्यावर कितीही रागावलो तरी हे खोडणार नाही. मला त्याने दोनदा बोटीवर नेऊन बघितलं. दोन्ही वेळा मी आडवा पडलो. समुद्र लागतो मला. मच्छीमाराच्या घरात जन्मून! दादा धक्क्यावर सगळ्यांना सांगायचा, "आमच्याकडे एक पाहुणा आलाय, त्याला जमीनच मानवते."

म्हणून मी आईबरोबर किनाऱ्यावर राहिलो. वलांडीवर. खांब रोवायचे, त्यांना आडवे बांबू बांधायचे आणि त्यावर बोंबील वाळत घालायचे, ती वलांडी. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. बायकांचं काम. माझे हात इतके चालायचे की बायका म्हणायच्या, "आमच्यात नवी सून आली गं." सीझनला शाळा बुडायची. तीन वर्षं बुडाली, आठवीत मास्तरांनी पटावरून नाव काढलं, आणि कोणी विचारायला गेलं नाही. मी पण नाही.

वलांडीच्या जागेचा आमच्यात एक नियम आहे. जागा कोणाच्या नावावर नाही, सातबारा नाही, किनारा सरकारचा. पण नारळी पौर्णिमेनंतर दसऱ्याच्या आत ज्याचा पहिला खांब उभा राहील, नारळ फोडून, हळदकुंकू लावून, त्याची ती जागा त्या वर्षी. मागच्या वर्षीच्यालाच पहिला मान. त्याने लावलाच नाही तर दुसऱ्याने लावायचा, आणि मग भांडायचं नाही. खांब पुरुषाने रोवायचा, मासे बायकांनी टांगायचे. आईची जागा खाडीच्या टोकाची. तिथे वारा दोन बाजूंनी येतो, बोंबील एक दिवस आधी वाळतो. ती जागा आजीची होती. वडील गेले त्या वर्षी खांब मामाने रोवला आणि पुढच्या वर्षापासून मी. तेव्हा पहार माझ्यापेक्षा उंच होती.

चारोटीला हायवेवरच्या एका हॉटेलात मी पुढे चादरी धुवायला लागलो, तिथून बोटीपर्यंत पोचलो. पण खांब लावायला दरवर्षी घरी यायचो. बोटीवर गेलो ते पहिलंच वर्ष, जेव्हा मी नव्हतो. निघताना दादाला चार वेळा सांगितलं होतं. तो म्हणाला, "लावतो रे. तू जा. सारखं काय आईसारखं."

दुसऱ्यांदा लिस्बनला लागलो ते घट बसायच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला दहा दिवस. या खेपेला अंकल माझ्याबरोबर आला होता, त्याला बायकोसाठी तिथला खारा मासा न्यायचा होता. चौकातल्या मोठ्या कमानीखालून मागच्या गल्लीत गेलं की ते दुकान. दारापासून दहा पावलांवर मला वास आला आणि मी थांबलो. तोच. घरचाच वास, जरा मिठाचा जास्त. आत वाळका मासा पाटासारखा रचून ठेवलेला, काही छताला टांगलेले. दिवे सोडलेले, काचा पुसलेल्या. पर्यटक आत येत होते, वास घेत होते, आणि चेहऱ्यावर काय समाधान! एक माणूस तर डोळे मिटून हुंगत होता. मग त्याने त्या माशाबरोबर फोटो काढला.

माझं डोकं फिरलं. का, ते आधी मलाच कळेना. मग कळलं. आमच्याकडे शनिवार-रविवारी लोक गाड्या घेऊन येतात, गाडीतून उतरायच्या आधी रुमाल नाकाला. "शी, किती वास येतो इकडे!" हे आईच्या तोंडावर. आई मासे टांगत असते आणि तिच्या तोंडावर. एकदा एक बाई मला म्हणाली, "तुम्ही लोक हे जरा लांब का नाही करत?" मी तेव्हाही सॉरी म्हणालो होतो.

"अंकल," मी म्हणालो, "इथे वास येत नाही का कोणाला?"

"इथे त्याला वास म्हणत नाहीत रे बाब," अंकल मासा निवडता निवडता म्हणाला. "तुमचा डहाणूचा किल्ला आहे ना, तो ह्यांच्याच लोकांनी बांधला. माशाला नाव कोणी ठेवायचं ते बांधणारा ठरवतो."

त्या किल्ल्यात सरकारी कचेरी आहे. दाखल्यासाठी मी तिथे रांगेत उभा राहिलोय. भिंत कोणाची, कधी विचारलं नव्हतं.

चौकात परत आलो. कमानीखाली फुकटचं वायफाय मिळतं, म्हणून बोटीवरची सगळी माणसं तिथे भिंतीला टेकून उभी असतात. त्या खुर्च्यांपासून लांब उभं राहून मी दादाला व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे दुपारचे तीन वाजले असतील. तो किनाऱ्यावरच होता.

"दादा, खांब लावलेस?"

"लावले की. हे बघ." खुशीत होता. फोन फिरवला.

खांब होते. आमचेच. पण एका रांगेत नव्हते, चार कोपऱ्यांना होते. वर हिरवी जाळी. खाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल, गॅसची शेगडी. आणि मागे, खाडीच्या बाजूला, केवढा तरी फ्लेक्स. त्यावर मी. पायावर पाय टाकून, मागे कमान. वर लिहिलेलं, "फॉरेनसारखी मजा, आता आपल्या किनाऱ्यावर."

"कसा दिसतोस बघ! हिरो!" दादा म्हणाला. "लोक विचारतात, हा कोण? म्हणतो, भाऊ माझा, युरोपला असतो."

"दादा, ही आईची जागा आहे."

"आईचीच आहे. पळून गेली का कुठे?"

"मग वलांडी कुठे आहे?"

"अरे बोंबील कुठे आहे ते विचार आधी. बोटीवर मी जातो, तू नाही जात. दोन दोन दिवस जाळं टाकून जे येतं ते एका पाटीत मावतं. आता सांग, खांबांना काय लुगडी टांगू?"

यात खोटं काही नव्हतं. त्यानेच जास्त राग आला.

"आणि मागची बाजू?"

"मागची शेजारच्यांना सांगितलीय. दसऱ्यापर्यंत आपला वलांडीचा खांब नाही लागला तर ते लावतील. त्यांचं माणूस आहे करायला. आपलं कोण आहे? तू तर तिकडे खुर्चीत बसलायस."

"आई कुठे आहे?"

त्याने फोन परत स्वतःकडे वळवला. "कामावर गेली."

"कसल्या कामावर?"

"पलीकडच्या रांगेत. पाऊस उघडलाय, त्यांचा माल आलाय. रोजावर गेली. मी नाही पाठवली, तिलाच घरी बसवत नाही."

आई दुसऱ्याच्या वलांडीवर रोजाने. जिच्या जागेवर आजूबाजूच्या बायका आपला उरलेला माल वाळवायला आणायच्या, ती. मी ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. चौकातली माणसं वळून बघायला लागली, दोन पोलीस राजाच्या घोड्यापाशी उभे होते ते पण. अंकलने माझं कोपर धरलं. "हळू रे. इथे आपला आवाज मोठा वाटतो."

"त्या खुर्चीवरून मला उठवलं होतं!" मी फोनमध्ये म्हणालो. "माझी खुर्ची नव्हती ती. माशीसारखं हाकललं मला. मी उठल्यावर खुर्ची पुसली त्याने. आणि तू ती फ्लेक्सवर लावलीस!"

दादाने मागे वळून फ्लेक्सकडे बघितलं. मला वाटलं, लागलं त्याला. मग म्हणाला,

"फोटोत दिसतं का ते?"

"नाही."

"मग झालं तर." आणि फोन ठेवला.

मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. आलो तेव्हा पाणी खालून तिसऱ्या पायरीला होतं, आता पाचवी बुडाली होती. ती नदी, असं तिथले म्हणतात, पण भरती चढते, कचरा आत वाहत जातो. आमच्यासारखी खाडीच ती. मला त्या चौकाचा राग आला. भूकंपात सगळा पडला होता आणि परत बांधला, असं अंकल सांगत होता. परत बांधला म्हणे! यांचं पडलं की परत बांधतात, समुद्राकडची बाजू तेवढी मोकळी ठेवतात आणि सगळं जग बघायला येतं. आमचा किनारा पडला नाही, बुडाला नाही. चार लाल खुर्च्यांत गेला. आणि त्यातली एक मीच पाठवली होती. लाज लपवायला पाठवलेला फोटो. खरं लिहिलं असतं तर? "मला उठवलं" एवढं दोन शब्दांत लिहायचं होतं. दादा माझ्यासाठी भांडायला बोटीवर चढला असता, असा आहे तो. पण मी लिहिलं, मजेत आहे.

बोटीवर परतायला पाऊण तास होता. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. फोन वाजला. वहिनीचा व्हिडिओ कॉल, वायफाय पायऱ्यांपर्यंत कसंबसं पोचत होतं.

वहिनी फोनवर माझ्याशी कधी बोलायची नाही. दादाच्या मागे उभी राहून "बरे आहात ना भावजी" एवढंच.

"हे पेट्रोल आणायला गेलेत," ती म्हणाली. "मी भजी तळत होते, सगळं ऐकलं. एकच विचारते. एका खांबाने जागा धरते ना?"

"धरते. पण शेजाऱ्यांना सांगून झालंय."

"सांगणं वेगळं, लावणं वेगळं. दसरा झालाय का?"

"नाही."

"मग मी लावते."

"वहिनी, खांब बाईमाणसाने लावायचा नसतो."

"भजी पण यांनी तळायची होती. मीच तळते ना? पहार कुठे आहे तेवढं सांगा."

मी सांगितलं. माळ्यावर, जुन्या जाळ्याच्या मागे. ती म्हणाली, "मला खणायला काही नाही. पण आई अडवतील. तुम्ही त्यांना सांगा." आणि फोन हातात धरूनच चालायला लागली. मला तिचे पाय दिसत होते, ओली वाळू, मग एक कुत्रा, मग दुसऱ्यांची रांग, आणि मग आई. हातात बोंबलाची जोडी. मला बघून आईने आधी पदराने हात पुसले.

वहिनीने सांगितलं. आई म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील? घरात दोन मुलगे असून सुनेने खांब रोवला?"

आणि मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "लोकांना सांग, एक मुलगा फ्लेक्सवर बसलाय आणि दुसरा फ्लेक्सच्या खाली!"

बाजूच्या रांगेतल्या बायका हसल्या, मला ऐकू आलं. आई हसली नाही.  मग हळूच विचारलं, "तुला उठवलं म्हणे?"

वहिनीने तेवढ्यात सांगून टाकलं होतं.

"हो."

"कोणी?"

"वेटरने."

"जेवायला बसला होतास?"

"नाही गं. नुसताच."

 हातातली जोडी आईने त्या परक्या बांबूवर टाकली, नीट, सरळ केली. मग वहिनीला म्हणाली, "खड्डा गुडघ्याएवढा घे. वारा दोन्हीकडून येतो तिथे." एवढ्यावर माझं वायफाय गेलं.

अंकल हाक मारत होता. आम्ही पळालो. बोटीच्या दारात कार्ड लावलं तेव्हा सात मिनिटं उरली होती, आणि पहिल्यांदाच त्या सात मिनिटांची मला भीती वाटली नाही. डोक्यात दुसरंच होतं. त्या दिवशी चादरी घडी करताना मी त्या इतक्या आपटल्या की अंकलने मला टॉवेलच्या कामाला लावलं.

पुढचे चार दिवस समुद्र. पाचव्या दिवशी दुसऱ्या बंदरात वहिनीचा फोटो आला. एक खांब, जरा खाडीकडे कललेला. हळदकुंकू, खाली फुटलेला नारळ. बाजूला लाल खुर्ची, तिच्यावर पहार टेकवलेली. फोटोखाली काही लिहिलं नव्हतं. पुढे कळलं की शेजारचे आले होते, खांब बघितला, "हा कोणी लावला?" विचारलं. आई म्हणाली, "आमच्या घरच्या माणसाने." ते परत गेले. दादा दोन दिवस घरी जेवला नाही. मग जेवला.

बोटीवरची माझी मुदत संपली माघाच्या सुमाराला. डहाणू रोडला उतरून रिक्षाने घरी जायच्या आधी सरळ किनाऱ्यावर गेलो. पुढे दादाच्या खुर्च्या होत्या तशाच, दोन माणसं चहा पीत होती, एकाने रुमाल नाकाला लावलेला. मागे वलांडी. एकच रांग, आधी चार असायच्या. बोंबीलही विरळ. दादा म्हणाला होता ते खरंच होतं. पण आई स्वतःच्या जागेवर होती.

खाली वाळूत जवळा वाळत घातला होता. बारीक, गुलाबी, पसरलेला. त्याच्याखाली काय घातलंय ते मी वाकून बघितलं. फ्लेक्स. जवळ्याच्या मधून एक कमान दिसत होती, आणि माझा एक बूट.

"ताडपत्री महाग झालीय," वहिनी म्हणाली. "हे वाऱ्याने फाटलं होतंच."

दादा शेगडीपाशी उभा होता. माझ्याकडे बघून त्याने ग्लासात चहा ओतला आणि लाल खुर्ची माझ्याकडे सरकवली. नऊ महिन्यांनी भेटत होतो. या माणसाने मला वाढवलं. मी चहा घेतला. खुर्चीवर नाही बसलो. उभ्यानेच प्यायलो, त्याला दिसेल असा, आणि त्या रुमालवाल्या माणसाला म्हणालो, "रुमाल काढा. आई काम करतेय."

त्याने काढला नाही. दादाने त्याच्या हातातला अर्धा ग्लास काढून घेतला, टेबल पुसलं आणि म्हणाला, "उठा."